केबिनमध्ये धूर की धुके : पावसानंतरच्या एका उड्डाणाचे प्रकरण

दोन जेट इंजिनांचे, मधोमध एकच वाट असलेले प्रवासी विमान. पाऊस नुकताच थांबला आहे. बाहेर ३० अंश सेल्सिअस तापमान आणि २७ अंश दवबिंदू, म्हणजे सापेक्ष आर्द्रता सुमारे ८४ टक्के. पुढचे आणि मागचे दार पाऊण तास उघडे आहे. एपीयू, म्हणजे शेपटीतले छोटे सहायक इंजिन, चालू आहे, दोन्ही एसी पॅक (केबिनची हवा थंड करणारे यंत्रसंच) चालू आहेत आणि तापमानाचे निवडक, म्हणजे तापमान ठरवणारी बटणे, अगदी थंड टोकाला लावलेले आहेत. प्रवासी चढत आहेत. पहिली दहा मिनिटे काहीच दिसत नाही. मग सामानाच्या कप्प्यांच्या वरच्या फटींतून पांढरे लोट निघू लागतात, भिंतीच्या कडेने पडद्यासारखे खाली उतरतात आणि खिडकीपाशी बसलेल्यांच्या खांद्यावर येऊन विरतात. कॉकपिटमध्ये पायांजवळच्या आणि काचेखालच्या फटींतून तेच. मागून इंटरकॉमवर निरोप येतो, "कॅप्टन, विसाव्या रांगेच्या वर दोन्ही बाजूंना धूर दिसतोय."

प्रकरण मांडणीसाठी घेतले आहे. हवेतल्या बाष्पाचे आकडे मात्र कोणत्याही बाष्पदाबाच्या तक्त्यावरून ताडून पाहता येतील, आणि सगळा उलगडा त्या आकड्यांतच आहे.

दोन हवा, एक वक्र

थंड हवेत बाष्प कमी मावते, गरम हवेत जास्त, हे सर्वांना ठाऊक असते. केबिनमधल्या धुक्यासाठी त्यापुढची गोष्ट लक्षात घ्यावी लागते: ही वाढ सरळ रेषेत होत नाही. समुद्रसपाटीच्या दाबाला एक किलो कोरड्या हवेसोबत ५ अंशांना जास्तीत जास्त ५.४ ग्रॅम बाष्प राहू शकते, १५ अंशांना १०.६, २५ अंशांना २०.१. दर दहा अंशांना मर्यादा जवळजवळ दुप्पट होते. आलेखावर काढली तर ही मर्यादा खाली झोळ पडलेल्या दोरीसारखी दिसते. दोरीवरचे कोणतेही दोन बिंदू सरळ रेषेने जोडले की मधली रेषा दोरीच्या वर जाते. दोन हवांचे मिश्रण नेमके त्या सरळ रेषेवर असते. म्हणून ज्या दोन हवा स्वतंत्रपणे स्वच्छ आहेत, त्या मिसळल्या की धुके होऊ शकते. हिवाळ्यात तोंडातून निघणारी वाफ याच जातीची.

आता आपल्या विमानाची हवा या आलेखावर ठेवू. केबिनमध्ये ३० अंश, २७ अंश दवबिंदू. बाष्प किलोमागे २२.७ ग्रॅम. पॅककडून येणारी हवा ५ अंश आणि संपृक्त, बाष्प ५.४ ग्रॅम. निम्मे-निम्मे मिसळले तर तापमान १७.५ अंश आणि बाष्प १४ ग्रॅम होते. पण १७.५ अंशांना मावते फक्त १२.५ ग्रॅम. दीड ग्रॅम जास्तीचे. हे सगळे पाणी होत नाही, कारण बाष्पाचे पाणी होताना उष्णता सुटते आणि मिश्रण थोडे तापते. हिशोब करून किलोमागे अर्धा ग्रॅम पाणी थेंबरूपात उरते. घनमीटरमागे साधारण ०.६ ग्रॅम. रस्त्यावरच्या दाट धुक्यात असते त्याच्या तोडीचे हे प्रमाण आहे. थेंबांचा व्यास १० मायक्रॉन धरला तर दृश्यता वीस-बावीस मीटर येते, थेंब त्याच्या निम्मे असतील तर दहा-अकरा. पहिल्या रांगेतून शेवटची रांग फिकट का दिसते, ते यावरून कळावे.

प्रमाण बदलून पाहिले की धुक्याची हद्दही सापडते. थंड हवेचा वाटा ३० टक्क्यांवर आला की मिश्रण २२.५ अंशांचे होते आणि बाष्प मर्यादेच्या जेमतेम वर असते. २० टक्क्यांवर ते मर्यादेच्या आत येते आणि थेंब विरतात. म्हणजे फटीतून निघालेल्या थंड हवेत केबिनची हवा सत्तर-पंच्याहत्तर टक्के मिसळेपर्यंत लोट दिसत राहतो, मग अचानक नाहीसा होतो. खांद्यापाशी तो का विरतो याचे उत्तर हेच. तो खाली का येतो, याचे उत्तर त्याहून सोपे: ५ अंशांची हवा ३० अंशांच्या हवेपेक्षा सुमारे ९ टक्के जड असते. थेंब स्वतः काही खाली पडत नाहीत. १० मायक्रॉनचा थेंब सेकंदाला तीन मिलिमीटर वेगाने उतरतो, आणि तेवढ्या वेळात तो आटून गेलेला असतो.

पहिली दहा मिनिटे धुके का नव्हते

संशय वाढवणारी हीच जागा आहे. एसी सुरू केला तेव्हा सगळे ठीक होते आणि मग 'एकाएकी' धूर आला, असे वाटले की काहीतरी तापून जळू लागले असावे अशी शंका येणे स्वाभाविक आहे.

खरे कारण नळ्यांमध्ये आहे. विमान उन्हात उभे होते, मग दमट हवेत. पॅकपासून छतापर्यंतच्या नळ्या, त्यांचे आवरण, मिश्रणकक्ष, कप्प्यांमागची पोकळी हे सगळे तापलेले. पॅक ५ अंशांची हवा देत असला तरी फटीपर्यंत पोचताना ती वीसच्या घरात जाते. वीस अंशांची हवा केबिनच्या हवेत कशीही मिसळली तरी धुके होत नाही. नळ्या निवत गेल्या तशी फटीवरची हवा सुमारे ९ अंशांवर आली. तिथे मिश्रण मर्यादेला घासून जाते. त्याखाली उतरली आणि लोट दिसू लागले. केबिन अजून गारही झाली नव्हती, आणि दारे उघडी असल्यामुळे तिच्यातले बाष्प जसेच्या तसे होते. गरम, दमट केबिन आणि थंड झालेल्या नळ्या, ही धुक्यासाठी सर्वांत अनुकूल वेळ.

कॉकपिटमध्ये ही वेळ लवकर येते. जागा लहान, तिच्या मानाने हवेचा पुरवठा भरपूर, आणि नळी आखूड. बऱ्याच विमानांत कॉकपिटची हवा मुख्यतः एकाच पॅककडून येते. बोइंग ७३७ मध्ये ती डाव्या पॅककडून येते. त्यामुळे कॉकपिटमधले धुके दाट असते, पण उपाय केला की जातेही लवकर. मागे अजून लोट आहेत आणि पुढे स्वच्छ झाले, यावरून केबिन क्रूचे म्हणणे खोडून काढू नये.

पॅकच्या पोटात

या विमानातले पॅक जुन्या धाटणीचे आहेत, कमी दाबाच्या बाजूला पाणी वेगळे करणारे. एपीयूकडून आलेली दाबाची, दोनशे अंशांच्या आसपासची हवा पहिल्या हीट एक्स्चेंजरमधून जाते, कॉम्प्रेसरमध्ये आणखी दाबली जाते, दुसऱ्या एक्स्चेंजरमध्ये निवते आणि टर्बाइनमधून प्रसरण पावत बाहेर पडते. प्रसरणात तिचे तापमान झपकन उतरते. बाहेरच्या दमट हवेतले बहुतेक बाष्प इथे, टर्बाइनच्या तोंडाशी, थेंब होते. म्हणजे पॅक स्वतःच्या आत आधीच धुके तयार करत असतो. प्रश्न फक्त ते आत ठेवण्याचा असतो.

हे थेंब काही मायक्रॉनचे. हवा गरगर फिरवून ते बाहेर फेकता येत नाहीत, इतके हलके असतात. म्हणून टर्बाइननंतर वॉटर सेपरेटरमध्ये कापडी कोअॅलेसर पिशवी बसवलेली असते. कापडाच्या तंतूंवर बारीक थेंब अडकतात, एकमेकांत मिसळून मोठे होतात, तंतूवरून सुटतात. मग पुढची पाती हवेला फिरवतात आणि मोठे थेंब भिंतीवर आपटून खाली जमतात. पिशवी गोठू नये म्हणून सेपरेटरमधले तापमान शून्याच्या जरा वर, सुमारे २ अंशांवर धरून ठेवणारी नियंत्रण झडप असते. ती बिघडली तर पिशवीवर बर्फ धरतो आणि फटींतून बर्फाचे कण उडतात, पण तो वेगळा बिघाड.

किती पाणी? एका पॅकमधून सेकंदाला अर्धा किलो हवा धरा. आत येताना किलोमागे २२.७ ग्रॅम बाष्प, बाहेर पडताना ५.४. फरक १७.३ ग्रॅम. मिनिटाला अर्ध्या लिटरहून थोडे जास्त. हे पाणी फुकट जात नाही. ते एक्स्चेंजरवर येणाऱ्या बाहेरच्या हवेत फवारले जाते आणि आटताना वीसेक किलोवॉट उष्णता ओढून घेते. कचरा म्हणून निघालेल्या पाण्याकडून इतके काम करून घेणे ही या पद्धतीची सर्वांत देखणी बाजू आहे.

नव्या पॅकमध्ये पाणी टर्बाइनच्या आधी, दाब जास्त असतानाच काढले जाते. कारण सोपे: दाब तिप्पट केला की बाष्पाचा आंशिक दाबही तिप्पट होतो आणि २७ अंश दवबिंदूची तीच हवा ४७ अंशांना संपृक्त होते. तीन वातावरण दाबाला हवा २० अंशांपर्यंत निववली तर तिच्यात किलोमागे ४.८ ग्रॅमच बाष्प उरते. थेंबही मोठे आणि काढायला सोपे. टर्बाइन नंतर हवी तितकी थंड हवा देऊ शकते. अशा पॅकनेही धुके होते, कारण केबिनमधले २२.७ ग्रॅम कुठे जात नाहीत. पण नळीतून तयार थेंब येण्याचा भाग बराच कमी होतो. गेटवरून जाड नळीने दिली जाणारी थंड हवाही याला अपवाद नाही. ती सर्द असेल तर धुके तितकेच.

निरोप आल्यावर

कॅप्टनने पहिल्यांदा विचारायचे ते वासाचे. मग जागेचे: दोन्ही बाजूंना सारखे आहे की एकाच ठिकाणी? कुठून निघते: एसीच्या फटीतून, की पॅनेलच्या सांध्यातून, आसनाखालून, स्वयंपाकघरातल्या ओव्हनमागून? वर जाते की खाली येते? हात घातला तर गार लागते का? डोळे चुरचुरतात का? खाली येऊन विरते की साचत जाते?

या प्रकरणातली उत्तरे: वास नाही, दोन्ही बाजूंना सारखे, फक्त हवेच्या फटींतून, गार, खांद्यापाशी नाहीसे होते. धुराचा एकही गुण नाही. धूर जिथून निघतो तिथे दाट असतो आणि छताशी साचतो. तो विरत नाही, पातळ होत पसरतो. एकाच बाजूला किंवा एकाच फटीतून निघत असते तर मामला वेगळा. निळसर झाक आणि मळक्या मोज्यांसारखा वास असता, तर एपीयूचे तेल हवेत आल्याचा संशय घ्यावा लागला असता, आणि तेव्हा तापमानाशी खेळत बसण्याऐवजी ब्लीड, म्हणजे एपीयू किंवा इंजिनाकडून पॅकला येणारी दाबाची हवा, बंद करायची.

शंका राहिली तर धूर समजूनच वागायचे. ऑक्सिजन मास्क, धुराची चेकलिस्ट, आणि प्रवासी उतरवणे. याला पर्याय नाही. पण उलट बाजूही तितकीच खरी आहे. धुक्याला धूर समजून कोणी दार उघडून घसरगुंडी सोडली, तर पाय मोडण्याइतकी दुखापत होऊ शकते, आणि ती पूर्णपणे टाळता येण्याजोगी असते. म्हणून दमट हवेत चढण्याआधीच घोषणा करणे शहाणपणाचे: "छताजवळ पांढरी वाफ दिसेल. ती एसीच्या थंड हवेमुळे होणारे धुके आहे, दारे बंद झाल्यावर काही मिनिटांत जाईल." या दोन वाक्यांना अर्धा मिनिटही लागत नाही. त्या वेळी शौचालयातला धूर-सूचक वाजला तर गोंधळ वाढतो; प्रकाशाच्या विखुरण्यावर चालणारा सूचक दाट धुक्यानेही वाजू शकतो. तरीही तो वाजला की आत जाऊन पाहायचेच.

उलटा हात

निरोप आल्यावर पहिला हात जातो तो एसी वाढवण्याकडे. फर्स्ट ऑफिसरने प्रवाह जास्तीवर टाकला. धुके दाट झाले. दाट होणारच होते: पॅकची हवा फटीपर्यंत पोचताना आता आणखी कमी तापते, म्हणजे रेषेचे थंड टोक आणखी खाली जाते.

दुसरी सवय पुनर्प्रवाहाचे पंखे बंद करण्याची. हे पंखे केबिनची हवा ओढून मिश्रणकक्षात पॅकच्या हवेत मिसळतात. ४० टक्के केबिनची हवा आणि ६० टक्के पॅकची मिसळली तर १५ अंश, १२.३ ग्रॅम, मावते १०.६. म्हणजे धुके मिश्रणकक्षातच होते आणि फटीतून तयार होऊन बाहेर पडते. पंखे बंद केले की फटीतून स्वच्छ हवा येते, आणि तिथून पंधरा-वीस सेंटिमीटरवर तेच धुके होते. रेषा तीच, टोके तीच. बदलली फक्त जागा. पंखे बंद करण्यात तोटा नाही, पण त्याने काम होईल अशी आशा धरू नये.

काम होते ते टोक हलवल्याने. निवडक थंड टोकावरून मधल्या, किंवा थोड्या उष्ण बाजूला नेला की टर्बाइनला वळसा घालून गरम ब्लीड हवा पॅकच्या थंड हवेत मिसळते. ५ अंशांची हवा १८ अंशांवर आणायला दोनशे अंशांची हवा फक्त सात टक्के पुरते. ही गरम हवा वाळवलेली नसते, तिच्यात बाहेरचे २२.७ ग्रॅम बाष्प तसेच असते. तरी सात टक्क्यांनी मिश्रणाचे बाष्प ५.४ वरून साडेसहापर्यंतच जाते. आता केबिनच्या हवेत निम्मे-निम्मे मिसळा: २४ अंश, १४.६ ग्रॅम, मावते १८.९. आर्द्रता ७७ टक्के. धुके होण्याचा प्रश्नच उरत नाही.

प्रवाशांना उकडेल, ही तक्रार खरी, पण अर्धवट. १८ अंशांची हवा ३० अंशांच्या केबिनला थंडच करते. दोन्ही पॅकमिळून सेकंदाला एक किलो हवा धरली, तर आधी २५ किलोवॉट उष्णता निघत होती, आता १२. निम्मी थंडी तीन-चार मिनिटांपुरती सोडायची, एवढाच सौदा.

निवडक हलवल्यावर तापमान लगेच बदलत नाही. झडप सावकाश फिरते, नळ्याही आता गार आहेत. मिनिटभर काही फरक दिसला नाही म्हणून पुन्हा थंडकडे फिरवू नये. कॉकपिटमध्ये साधारण एका मिनिटात, केबिनमध्ये दोनेक मिनिटांत लोट तुटक होऊ लागतात, मग जातात.

त्याच वेळी दुसरे काम: दारे. पुढचे किंवा मागचे दार लवकर बंद करता आले तर करावे. १४० घनमीटरच्या केबिनमध्ये या दमटपणाला साडेतीन किलोंहून अधिक पाणी बाष्परूपात असते, आणि दार उघडे असेपर्यंत ते काढले तितके पुन्हा आत येते. दारे बंद झाली की पॅकची कोरडी हवा केबिन धुऊन काढते. एक किलो प्रवाहाला हवा एकदा बदलायला अडीच ते तीन मिनिटे लागतात. प्रवाशांच्या श्वासाने आणि घामाने थोडी भर पडते: माणशी तासाला पन्नास ग्रॅम धरले तर १८० जणांचे सेकंदाला अडीच ग्रॅम. उघड्या दाराच्या मानाने किरकोळ.

पुन्हा थंड कधी करायचे, याचाही हिशोब सुटतो. मिश्रणाची रेषा थंड टोकाशीच दोरीच्या खाली निघाली, तर ती पुढे कुठेच दोरी ओलांडत नाही. ५ अंशांशी दोरीचा चढ अंशाला ०.३८ ग्रॅम. केबिन २८ अंशांवर असेल तर तिचे बाष्प किलोमागे १४ ग्रॅमच्या खाली, म्हणजे दवबिंदू १९ अंशांच्या खाली गेला की ५ अंशांच्या संपृक्त हवेनेही धुके होत नाही. दारे बंद झाल्यापासून तीन मिनिटांत आपली केबिन १४ ग्रॅमच्या खाली आलेली असते. मग निवडक टप्प्याटप्प्याने थंडकडे नेता येतो.

कॉकपिटमध्ये काचेचे प्रकरण वेगळे पाहावे. हवेतले धुके आणि काचेवरचे दव यांत गल्लत होते. काचेवर थंड हवा मारली की काच २७ अंशांच्या खाली जाते आणि दव बाहेरच्या बाजूला धरते. आतून कितीही पुसले तरी ते तिथेच राहते. काचेवरची हवा कमी करणे, काचेचा हीटर चालू असल्याची खात्री करणे आणि बाहेरून वायपर, एवढेच उपाय.

हे सगळे टेकऑफआधी उरकायला हवे. टेकऑफसाठी पॅक बंद ठेवून नंतर चालू करायची पद्धत असेल, किंवा थ्रस्ट लावताना ब्लीडचा दाब चढला, तर झडपा सावरण्याआधी काही सेकंद पॅकची हवा एकदम थंड होते. केबिन अजून दमट असेल तर नेमक्या त्या वेळी कॉकपिटमध्ये लोट येतो. धावपट्टीवर वेग घेताना उपकरणांसमोर पांढरे दिसणे कोणालाच नको असते. लढाऊ विमानांत, जिथे कॉकपिट इवलेसे आणि हवा अतिशय थंड, ही जुनी डोकेदुखी आहे. या विमानात कॉकपिटचा निवडक टेकऑफपर्यंत मध्यावरच ठेवला.

उंचीवर हा प्रश्न राहत नाही; अकरा किलोमीटरवरच्या उणे छप्पन्न अंशांच्या हवेत बाष्प नावालाच असते. तिथे केबिनमध्ये एकदम धुके भरले तर त्याचा एसीशी संबंध नसतो. ते दाब सुटल्याचे लक्षण आहे, हवा झटक्याने प्रसरण पावून थंड झाल्याचे. तिथे निवडकाला हात न लावता मास्क.

जे गेले नाही

धुके दोन मिनिटांत गेले. उजवीकडच्या चौदाव्या-पंधराव्या रांगेतल्या प्रवाशांच्या डोक्यावर मात्र छोट्या गोल झोतांतून पाण्याचे थेंब उडत राहिले. हे धुके नव्हे. धुक्याचे थेंब अंगाला लागत नाहीत, कपडा भिजवत नाहीत. थेंब जाणवण्याइतके मोठे असतील, तर ते नळीतून आलेले पाणी असते.

कुठल्या पॅककडून, हे जमिनीवर शोधणे सोपे. एक पॅक बंद करून दोन मिनिटे थांबायचे, मग दुसरा. डावा बंद केला, थेंब चालू. उजवा बंद केला, थेंब थांबले.

तापमान वाढवूनही ते का थांबत नव्हते, याचा हिशोब पुन्हा तोच. पिशवी मळून तुंबली की तिच्यामागचा दाब वाढतो आणि बायपास झडप उघडते. हवा पाण्यासकट पुढे जाते. ५.४ ग्रॅम बाष्पाबरोबर १७.३ ग्रॅम पाणीही. अशी हवा १८ अंशांवर आणली तरी ती एकूण १३ ग्रॅमच धरू शकते. उरलेले दहा ग्रॅम पाणी नळीत साचते, वळणावर जमते आणि जवळच्या झोतातून बाहेर फेकले जाते. शिवाय फवाऱ्याला पाणी कमी मिळते, एक्स्चेंजर नीट निवत नाही, पॅकची थंडीही घटते. 'उजवा पॅक थोडा कमी थंड करतो' अशी नोंद आधीच्या आठवड्यात असेल, तर ती आता वेगळ्या डोळ्यांनी वाचावी.

तांत्रिक नोंदवहीत 'केबिनमध्ये वाफ' असे लिहून भागत नाही. त्यावर मेंटेनन्सचे उत्तर 'तपासले, दमट हवेत सामान्य' असेच येते, आणि ते चूकही नसते. लिहायचे ते असे: बाहेरचे तापमान आणि दवबिंदू, निवडक कुठे होता, तापमान वाढवल्यावर धुके गेले पण उजवीकडे अमुक रांगांत थेंब राहिले, उजवा पॅक बंद केल्यावर थांबले. या चार गोष्टींनी मेंटेनन्सचा माणूस थेट उजव्या सेपरेटरपाशी जातो.

तिथे पिशवी तुंबल्याचा दर्शक बाहेर आलेला होता. पिशवी काढली तेव्हा कापड करड्या-काळ्या थराने कडक झालेले, बोटाने दाबले तर ओले न होता वाकणारे. निचऱ्याची नळी मोकळी होती. नसती तर नवी पिशवी घालूनही पाणी तळाशी साचले असते, म्हणून पिशवी बदलताना नळीतून हवा फुंकून पाहणे चुकवू नये. फवाऱ्याचे तोंडही त्याच वेळी पाहिले. नवी पिशवी बसवताना तिची शिवण आणि तोंडाची पट्टी नीट बसली का हे पाहावे लागते. कडेने फट राहिली तर हवा पिशवीऐवजी फटीतून जाते आणि दोन उड्डाणांनी तीच तक्रार परत येते.

पुढच्या दमट संध्याकाळी, त्याच विमानात, दारे उघडी असताना दहाव्या-अकराव्या मिनिटाला छताच्या फटींतून पुन्हा लोट निघाले. निवडक मध्यावर नेला, दोन मिनिटांत गेले. चौदाव्या रांगेत कोरडे होते. नोंदवहीत काही लिहिले गेले नाही, लिहिण्यासारखे काही नव्हतेही.